बेताल नाडीचा शोध : सर टॉमस लुइस आणि त्यांचे पूर्वसूरी

माझ्या बाविसाव्या वर्षीं, शिक्षकाची नोकरी कायम होण्यापूर्वीं, माझी प्रकृति तपासण्यांत आली. तपासणाऱ्या डॉक्टरांनीं माझ्या मनगटावर बोटें ठेवलीं, घड्याळाकडे पाहिलें आणि कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "तुमच्या नाडीचा ठोका मधूनच चुकतो. हृदय नाजूक दिसतें. धांवपळ करूं नका, चढण चढूं नका." नोकरी मिळाली, परंतु त्या दिवसापासून मीं पर्वतीच्या पायऱ्या चढणें सोडलें, मुलांबरोबर खेळणें सोडलें, आणि रात्रीं उशीला कान टेकला कीं मी आपल्याच हृदयाचे ठोके मोजीत पडूं लागलों. नऊ वर्षें मीं अशीं भीत भीत काढलीं. दहाव्या वर्षीं आमच्या आळींतील एका वृद्ध डॉक्टरांनीं ईसीजीची पट्टी माझ्यापुढें धरली आणि हंसून सांगितलें, "मास्तर, तुमचा ठोका चुकत नाहीं, तो जरा लवकर येतो, एवढेंच. खुशाल पर्वती चढा."

माझी थोरली बहीण, आमची आक्का, हिची गोष्ट याच्या अगदीं उलट. लहानपणीं तिला संधिज्वर झाला होता. चाळिशीनंतर तिला वरचेवर धडधड होऊं लागली. घरांतील वडील मंडळी म्हणत, "संसाराची काळजी फार करतेस, चहा कमी कर." तिच्या मनगटाला कोणीं हात लावला नाहीं. एके दिवशीं सकाळीं दळण निवडतां निवडतां तिच्या हातांतलें सूप गळून पडलें, तोंड वांकडें झालें आणि उजवा हात कायमचा गेला. तिच्या हृदयाचे वरचे कप्पे कित्येक वर्षांपूर्वींच ताल सोडून बसले होते, हें आम्हांला त्यानंतर कळलें.

एकाच घरांतलीं दोन माणसें; दोघांचीहि नाडी बेताल. ज्याला भिण्याचें कांहीं कारण नव्हतें तो नऊ वर्षें भ्याला. आणि जिच्याविषयीं भ्यावयास हवें होतें, तिच्याविषयीं कोणी भ्यालें नाहीं. एका बेतालांत आणि दुसऱ्या बेतालांत फरक असतो, हें मनुष्यजातीला नेमकें केव्हां आणि कोणामुळें कळलें, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनांत घर करून राहिला. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर आहें. निवृत्तीनंतर जें वाचलें, त्यांतील मला जें निश्चित समजलें, तेवढेंच आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम हृदयाची रचना थोडक्यांत सांगतों. हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना अलिंद म्हणतात, खालच्या दोहोंना निलय. शिरांवाटे परत आलेलें रक्त अलिंदांत जमतें, तेथून निलयांत उतरतें, आणि निलय आकुंचन पावले म्हणजे तें रोहिण्यांतून बाहेर जातें. मनगटाला जो ठोका लागतो, तो खालच्या कप्प्यांचा. वाड्याच्या ओसरीवर बसलेल्याला माडीवर काय चाललें आहे हें जसें दिसत नाहीं, तसें मनगटावर ठेवलेल्या बोटाला वरच्या कप्प्यांत काय चाललें आहे हें कळत नाहीं. बेताल नाडीचें कोडें इतकीं शतकें सुटलें नाहीं, याचें मुख्य कारण हेंच. ज्या नाडीला कसलाच धरबंद नाहीं, एक ठोका मोठा तर दुसरा लहान, एक लवकर तर दुसरा उशिरा, तिला युरोपांतील वैद्यांनीं लॅटिन भाषेंत 'हृदयाचा उन्माद' म्हटलें. १९०३ सालीं हेरिंग नांवाच्या शास्त्रज्ञानें तिला 'कायमची अनियमित नाडी' असें नांव दिलें. परंतु नांव ठेवणें निराळें आणि कारण सांगणें निराळें.

माडीवर डोकावण्याची पहिली खिडकी उघडली ती एका गिरणगांवांतील साध्या डॉक्टरनें. जेम्स मॅकेंझी यांचा जन्म १८५३ सालीं स्कॉटलंडमध्यें झाला. एडिंबरो येथें वैद्यकाची पदवी घेऊन १८७९ सालीं ते लँकेशायर परगण्यांतील बर्न्ली या शहरीं दवाखाना चालवूं लागले. हें कापडगिरण्यांचें शहर. रोगी बहुतेक गिरणींतले कामगार आणि त्यांचीं कुटुंबें. तेथें हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री बाळंतपणांत त्यांच्या देखत मरण पावली. हिच्या हृदयाला हा भार सोसणार नाहीं, हें आपल्याला अगोदर कां कळलें नाहीं, या विचारानें मॅकेंझी अस्वस्थ झाले. पुस्तकांत उत्तर मिळेना, तेव्हां त्यांनीं असा निश्चय केला कीं, यापुढें प्रत्येक हृदयरोग्याची नोंद ठेवावयाची, आणि ती एकदां नव्हे तर वर्षानुवर्षें.

या कामासाठीं त्यांनीं एक उपकरण तयार केलें. मनगटाची नाडी आणि मानेच्या शिरेंतील हेलकावा या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं एकाच कागदावर त्यांत उमटत. पुढें पॅडिहम या जवळच्या गांवच्या एका घड्याळजीच्या मदतीनें त्यांनीं त्याला शाईच्या लेखण्या बसविल्या. मानेची शीर कां? तर वरचा उजवा कप्पा आकुंचन पावला कीं रक्ताची एक लहानशी लाट मागें फिरून मानेच्या शिरेंत दिसते. मान ही माडीची खिडकी झाली ती अशी.

या खिडकींतून मॅकेंझींना बेताल नाडीचे निरनिराळे वर्ग दिसूं लागले. कित्येक तरुण मुलांची नाडी श्वास घेतांना जलद आणि सोडतांना मंद होते. हा आजारच नव्हे. दुसऱ्या कित्येकांच्या हृदयांत एखादा ठोका वेळेआधीं पडतो आणि त्याच्यामागें लांब विसांवा येतो. लवकर आलेला ठोका दुर्बळ असल्यानें मनगटापर्यंत पोंचत नाहीं आणि बोटाला वाटतें कीं ठोका चुकला. माझा दोष होता तो हाच. मॅकेंझींनीं अशीं माणसें वर्षानुवर्षें नजरेखालीं ठेवलीं आणि त्यांतील पुष्कळशीं धडधाकट राहून आपापलीं कामें करीत आहेत हें पाहिलें. हें ज्ञान कोणत्याहि यंत्रानें एका दिवसांत दिलें नसतें. त्याला एकाच गांवांत, त्याच माणसांमध्यें, वीस-पंचवीस वर्षें राहावें लागलें.

तिसरा वर्ग मात्र वेगळा होता. त्यांत नाडी पूर्णपणें बेताल होती, आणि मानेच्या आलेखांतील वरच्या कप्प्याची लाट साफ नाहींशी झालेली होती. ज्या रोग्यांच्या आलेखांत ही लाट मॅकेंझींनीं पूर्वीं स्वतः पाहिली होती, त्यांच्याच आलेखांतून ती नाडी बिघडतांच गेली. त्यावरून त्यांनीं अनुमान केलें कीं वरचे कप्पे लुळे पडले असावेत. पुढें त्यांनीं हें मत बदलून दुसरें मांडलें. तेंहि बरोबर नव्हतें. परंतु लाट गेली हें निरीक्षण पक्कें होतें. १९०२ सालीं त्यांचा नाडीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९०७ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, चालता दवाखाना सोडून ते लंडनला गेले.

आपल्या मृत रोग्यांचीं हृदयें मॅकेंझी लंडनला आर्थर कीथ या शरीररचनाशास्त्रज्ञाकडे तपासणीसाठीं पाठवीत. त्यामुळें कीथ यांचें लक्ष या विषयाकडे लागलें आणि १९०७ सालीं त्यांनीं व मार्टिन फ्लॅक या त्यांच्या विद्यार्थ्यानें उजव्या अलिंदांत, मोठी शीर जेथें येऊन मिळते तेथें, स्नायूंची एक लहानशी गांठ दाखवून दिली. त्याच्या आदल्याच वर्षीं तावारा या जपानी शास्त्रज्ञानें जर्मनींत काम करून वरच्या व खालच्या कप्प्यांमधील दुसऱ्या गांठीचें वर्णन केलें होतें. वरची गांठ ताल धरते आणि मधली गांठ तो खालीं पोंचविते, असा तर्क करतां येऊं लागला; पण तो सिद्ध कोणी करावयाचा?

आतां आपल्या कथेचा मुख्य पुरुष येतो. टॉमस लुइस यांचा जन्म २६ डिसेंबर १८८१ रोजीं वेल्समध्यें कार्डिफजवळ झाला. वडील खाणींचे इंजिनियर. मुलाचें लहानपणचें बरेंचसें शिक्षण आईनें घरींच केलें. कार्डिफहून १९०२ सालीं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्यें आले आणि १९०५ सालीं डॉक्टर झाले. पुढें सारा जन्म त्यांनीं याच संस्थेंत काढला. १९०८ सालीं त्यांची मॅकेंझींशीं गांठ पडली. एक पंचावन्न वर्षांचा अनुभवी वैद्य, दुसरा सव्वीस वर्षांचा तरुण. मॅकेंझींनीं त्याला बेताल हृदयाच्या प्रश्नाकडे वळविलें, आणि पुढच्याच वर्षीं या क्षेत्रासाठीं 'हार्ट' नांवाचें नियतकालिक निघालें; त्याचे संपादक झाले लुइस.

लुइस यांच्याजवळ एक साधन असें होतें कीं जें मॅकेंझींना बर्न्लींत मिळालें नव्हतें. जावा बेटांतील सेमारांग येथें जन्मलेले आणि हॉलंडमध्यें लायडन येथें प्राध्यापक असलेले विलेम आइन्टहोव्हन यांनीं या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या प्रारंभीं हृदयांतून निघणारी क्षीण वीज मोजणारें यंत्र बनविलें. केसाहून कितीतरी बारीक, चांदीचा मुलामा दिलेला स्फटिकाचा एक तंतू प्रबळ लोहचुंबकाच्या मधोमध ताणलेला असे. हृदयाची वीज त्यांतून गेली कीं तंतू हाले, आणि त्याची छाया सरकत्या फोटोच्या कांचेवर उमटे. रोग्यानें दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचें. यंत्र इतकें अवजड होतें कीं तें रोग्याकडे नेतां येत नसे. म्हणून आइन्टहोव्हन यांनीं इस्पितळापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत सुमारें दीड किलोमीटर तार टाकून रोग्यांचे आलेख घेतले. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतों, त्याचा हा मूळपुरुष.

आइन्टहोव्हन हे यंत्राचे आणि गणिताचे जाणकार. रोगी पाहाणें हा त्यांचा व्यवसाय नव्हे. मॅकेंझी हे रोग्यांचे जाणकार. विजेच्या यंत्राकडे त्यांचा कल नव्हता. या दोघांच्या मधला दुवा लुइस झाले. इस्पितळांत त्यांनीं हें यंत्र बसविलें आणि खाटेवरचा रोगी व प्रयोगशाळेंतील प्राणी या दोहोंचे आलेख ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं लागले.

त्यांतून १९०९ सालीं जें निष्पन्न झालें, तें हृदयविज्ञानांतील एक मोठें पाऊल आहे. कुत्र्याच्या अलिंदाला विजेचे झटके दिले तर तें आकुंचन पावणें सोडून नुसतें थरथरूं लागतें, हें प्रयोगशाळेंत पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु असें माणसाच्या बाबतींत घडतें आणि माणूस तरीहि जगतो, असें फारच थोड्यांना वाटत होतें. औषधिशास्त्रज्ञ कुश्नी यांना मात्र प्राण्यांची ही स्थिति आणि रोग्यांची बेताल नाडी यांतील साम्य फार दिवस खुणावीत होतें. १९०७ सालीं त्यांनीं व एडमंड्स यांनीं एका रुग्णाविषयीं तसें लिहिलेंहि. लुइस यांनीं पुराव्याची सांखळी पुरी केली. निरोगी हृदयाच्या आलेखांत प्रत्येक मोठ्या लाटेच्या आधीं अलिंदाची एक लहान लाट असते. पूर्ण बेताल नाडी असलेल्या रोग्यांत ती लाट नव्हती. तिच्या जागीं लहान, वेड्यावांकड्या लाटांची अखंड कुरकुर होती. कुत्र्याचें अलिंद थरथरत असतां घेतलेल्या आलेखांत तशीच कुरकुर दिसली. आणि छातीवर उजव्या अलिंदाच्या जवळ तारा ठेवल्या तर या लाटा सर्वांत स्पष्ट उमटत. अर्थात् अलिंदें लुळीं पडलेलीं नव्हतीं. तीं मिनिटाला शेंकडों वेळां थरथरत होतीं. खालचे कप्पे या वादळांतून जे संदेश हातीं लागतील त्यांवर कसेबसे ठोके देत होते. म्हणून नाडी बेताल.

त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें रोटबर्गर आणि विंटरबर्ग हे दोघे स्वतंत्रपणें याच निर्णयास आले होते, हें येथें सांगितलें पाहिजे. श्रेय वांटून घेण्यांत कोणाचा कमीपणा नाहीं. परंतु हा विकार दुर्मिळ नसून इस्पितळांत रोज भेटणारा आहे, हें डॉक्टरांच्या गळीं उतरविलें तें लुइस यांनीं. कोणी शंका काढी कीं, कुत्र्यांत हें विजेनें घडवून आणलेलें. आपोआप होणारी अशी थरथर डोळ्यांनीं कोणीं पाहिली आहे? घोड्यांनाहि हा विकार आपोआप होतो. लुइस यांनीं असा एक घोडा मिळवून, त्याचा आलेख घेऊन, मग छाती उघडून अलिंदाची थरथर प्रत्यक्ष पाहिली. शंकेला जागा उरली नाहीं.

पाठोपाठ १९१० सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुत्र्याच्या हृदयावर ठिकठिकाणीं तारा ठेवून विजेची लाट सर्वांत आधीं कोठें उमटते याचा माग काढला. ती जागा निघाली कीथ आणि फ्लॅक यांनीं दाखविलेल्या गांठीची! रचनाशास्त्रज्ञांनीं सूक्ष्मदर्शकांत पाहिलेली गांठ हीच हृदयाची तालधारक आहे, हें अशा रीतीनें ठरलें. १९११ सालीं लुइस यांनीं हृत्स्पंदाच्या यंत्रणेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो मॅकेंझी व आइन्टहोव्हन या दोघांना अर्पण केला. आइन्टहोव्हन यांनींहि या ऋणाची फेड मोठ्या मनानें केली. १९२४ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, तेव्हां व्याख्यानांत त्यांनीं सांगितलें कीं, लुइस यांचें काम नसतें तर आपण येथें उभे असतों कीं नाहीं याची शंकाच आहे. लुइस यांना स्वतःला तें पारितोषिक कधींच मिळालें नाहीं.

निदानाचा उपयोग उपचाराला झाला कीं नाहीं, असें आपण विचाराल. झाला. डिजिटॅलिस हें औषध १७८५ सालीं विदरिंग यांनीं प्रसिद्धीस आणलेलें. पण तें एकाला तारी आणि दुसऱ्याला त्याचा कांहींच गुण येत नसे. आतां कारण कळलें: तें मधल्या गांठींतून खालीं जाणाऱ्या संदेशांची गर्दी कमी करतें, म्हणून अलिंदांची थरथर असलेल्या, अति जलद नाडीच्या रोग्यांना त्याचा गुण विशेष दिसे. दुसरें औषध तर आपल्या हिंवतापाच्या देशांत घरोघर माहीत असलेलें. व्हेंकेबाख या डच वैद्याकडे एक व्यापारी आला आणि म्हणाला, "माझी बेताल नाडी मी स्वतः नीट करूं शकतों; उद्यां दाखवितों." दुसऱ्या दिवशीं तो आला तो नियमित नाडी घेऊनच. त्यानें घेतलें होतें क्विनाइन! व्हेंकेबाख यांनीं ही हकीकत १९१४ सालीं छापली. पुढें १९१८ सालीं जर्मनींत फ्राय यांनीं क्विनाइनचाच भाऊबंद जो क्विनिडीन, तो अधिक गुणकारी असल्याचें दाखविलें. रोग्याचें म्हणणें कान देऊन ऐकलें तर काय हातीं लागतें, याचें हें उदाहरण आहे.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि लुइस यांच्यापुढें निराळेच रोगी आले. हजारों शिपाई धाप लागणें, धडधड, छातींत दुखणें, थकवा अशा तक्रारी घेऊन आघाडीवरून परत येत. त्यांच्यावर 'शिपायाचें हृदय' असा शिक्का बसे आणि त्यांना बिछान्यावर पडून राहाण्यास सांगितलें जाई. लुइस यांनीं प्रथम हॅम्पस्टेड येथील व नंतर कोलचेस्टर येथील लष्करी इस्पितळांत त्यांची तपासणी केली. त्यांना आढळलें कीं, यांपैकीं बहुतेकांच्या हृदयांत कोणताहि दोष नाहीं. झोंपवून ठेवण्याऐवजीं त्यांनीं या माणसांकडून हळूहळू वाढता व्यायाम करवून घेतला. जो व्यायाम सोसेल तो कामावर जाईल, ही कसोटी त्यांनीं लावली. आणि या स्थितीला हृदयाचें नांवच न देतां 'श्रमजन्य लक्षणसमूह' अशा अर्थाचें नांव दिलें. रोग्याला हृदयरोगी म्हणणें हीहि एक इजा असूं शकते, हें त्यांनीं जाणलें. माझीं नऊ वर्षें आठवून मला हा भाग वाचतांना गहिंवरून आलें, हें मी लपवीत नाहीं.

युद्धानंतर लुइस पुन्हां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळले. अलिंदें थरथरतात हें ठरलें. पण कां थरथरतात? मेयर या अमेरिकन शास्त्रज्ञानें जेलीमाशाच्या शरीराचें कडें कापून दाखविलें होतें कीं, त्यांत एकदां सुरू झालेली आकुंचनाची लाट गोल गोल फिरतच राहाते. केंब्रिजच्या माइन्स यांनीं १९१३ सालीं हाच विचार हृदयाच्या स्नायूला लावला. लुइस यांनीं प्रयोगांवरून असें मत मांडलें कीं, अलिंदांतहि एक लाट घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत राहाते. मिनिटाला सुमारें तीनशें अशा नियमित वेगानें फडफडणाऱ्या अलिंदाविषयीं हें मत मुख्यतः खरें ठरलें. फिरण्याची वाट तेवढी त्यांनीं सांगितली त्याहून निराळी निघाली. परंतु पूर्ण बेताल थरथरीलाहि त्यांनीं हेंच कारण लावलें, तें तसेंच्या तसें टिकलें नाहीं. १९६२ सालीं मो यांनीं एका लाटेऐवजीं अनेक भटक्या लाटांची कल्पना मांडली. १९९८ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथें हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४५ रोग्यांची तपासणी करून दाखविलें कीं, थरथर सुरू करून देणाऱ्या ठिणग्या बहुतेक वेळां फुप्फुसांतून डाव्या अलिंदांत रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशीं उठतात. या शोधावरून, जांघेंतील शिरेंतून बारीक नळी सरकवून त्या जागा अलग करण्याचा उपचार पुढें सर्वत्र पसरला.

येथें मला लुइस यांच्या स्वभावाचा एक विशेष सांगावासा वाटतो. १९१८ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १९२१ सालीं 'सर' झाले. ज्या विषयानें कीर्ति दिली, त्याच्या गादीवर बसून आयुष्य काढणें त्यांना सहज शक्य होतें. पण या शेतांतलें मुख्य पीक आतां निघालें आहे, असें वाटतांच वयाच्या पंचेचाळिशीच्या आंत-बाहेर त्यांनीं तें शेत सोडलें आणि त्वचेंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व पुढें वेदना या विषयांना हात घातला. त्वचेवर ओरखडा काढला असतां लाली, भोंवतालची झांक आणि फुगवटा हीं तीन लक्षणें क्रमानें येतात, त्यांचें विवेचन त्यांचेंच. १९३३ सालीं त्यांनीं 'हार्ट' हें नांवहि बदलून 'क्लिनिकल सायन्स' असें केलें. माझ्या मतें त्यांची घाई झाली. थरथरीच्या कारणाचें पीक उभेंच होतें आणि तें कापावयास पुढें सत्तर वर्षें लागलीं. पण सोडण्याचें धैर्यहि सर्वांना नसतें.

ज्या इंद्रियाचा त्यांनीं अभ्यास केला, तेंच त्यांच्यावर उलटलें. पंचेचाळिसाव्या वर्षीं त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. तोंवर ते दिवसाला सत्तर सिगारेटी ओढीत. त्या त्यांनीं एकदम सोडल्या. त्यानंतर अठरा वर्षें त्यांनीं काम केलें. १९४१ सालीं रॉयल सोसायटीचें कोप्ली पदक त्यांना मिळालें आणि १७ मार्च १९४५ रोजीं त्याच विकारानें त्यांचा अंत झाला. त्यांचे गुरु मॅकेंझी हेहि १९२५ सालीं हृदयशूळानेंच वारले होते. आपलें हृदय मृत्यूनंतर तपासलें जावें, अशी त्यांची इच्छा होती व ती पाळण्यांत आली. मरणानंतरहि नोंद अपुरी राहूं नये, हा ध्यास पाहून नमस्कार करावासा वाटतो.

राहिली आमच्या आक्काची गोष्ट. थरथरणाऱ्या अलिंदांत रक्त पुरतें ढवळलें जात नाहीं. तें सांचतें, त्याची गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायु होतो. हा धोका किती मोठा आहे, तें लुइस यांच्या मागून कळलें. अमेरिकेंत फ्रेमिंगहॅम या गांवीं १९४८ सालीं ५,२०९ माणसांची प्रकृति वर्षानुवर्षें नोंदण्याचें काम सुरू झालें. मॅकेंझींनीं बर्न्लींत एकट्यानें जें केलें, तेंच मोठ्या प्रमाणावर. त्या नोंदींवरून १९७८ सालीं दिसून आलें कीं, अलिंदांची थरथर असलेल्यांना अर्धांगवायूचा धोका इतरांच्या पांचपटींहून अधिक असतो, आणि संधिज्वरानें हृदयाच्या झडपा बिघडलेल्या असल्या तर तो सतरापट होतो. आक्का त्या सतरापटींतली. रक्त गोठूं न देणाऱ्या औषधांनीं हा धोका पुष्कळच कमी करतां येतो. पण त्यासाठीं आधीं कोणीं तरी तिची नाडी पाहावयास हवी होती.

म्हणून, श्रोतेहो, या इतिहासांतून मी एवढेंच घेतलें. बेताल नाडी हें एका रोगाचें नांव नव्हे. तो एक प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर भीतीनें किंवा दुर्लक्षानें मिळत नाहीं, तर पाहिल्यानें आणि नोंद ठेवल्यानें मिळतें. घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या मनगटावर कधींमधीं दोन बोटें ठेवा. ताल सारखा मोडत असेल तर आपलें अनुमान बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा आणि आलेख काढून घ्या. त्यांनीं भिऊं नका म्हटलें तर माझ्यासारखीं नऊ वर्षें वायां घालवूं नका. आणि औषध घ्या म्हटलें तर आक्काप्रमाणें वाट पाहूं नका.

माझा ठोका अजूनहि मधूनच लवकर येतो. पर्वतीच्या पायऱ्या चढतांना तो जाणवला कीं मी क्षणभर थांबतों, बर्न्लीच्या त्या डॉक्टरची आठवण करतों आणि पुढची पायरी चढतों.